मुलांचे पुस्तक आणि श्रमिकांची चळवळ : बंगळूरचा अनुभव

(बंगळूर येथे मराठी भाषिक सभासदांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कामगारवर्गाच्या पक्षाने मुलांच्या पुस्तकांकडे लक्ष द्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या बैठकांत क्वचितच विषयपत्रिकेवर येतो. आलाच तर अखेरच्या कलमात, 'इतर विषय' या मथळ्याखाली येतो. आणि तोवर निम्मी मंडळी शेवटची बस गाठण्यासाठी उठलेली असतात. संप, मजुरीचे दर, जमिनीचे पट्टे, महागाई, निवडणुका यांच्यापुढे हा विषय किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. प्रतिपक्षाने मात्र तो कधीही किरकोळ मानलेला नाही.

याचा पुरावा शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. २०२२ साली याच कर्नाटक राज्यात शालेय क्रमिक पुस्तकांची फेररचना झाली. दहावीच्या कन्नड पुस्तकात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक केशव बळिराम हेडगेवार यांच्या भाषणाचा समावेश करण्यात आला. त्याच वेळी भगतसिंगांवरील धडा वगळल्याची वार्ता पसरली आणि राज्यभर गदारोळ उठला. अखेर तो धडा वगळलेला नाही, असा खुलासा सरकारी यंत्रणेला करावा लागला. त्या धड्याचे लेखक, मार्क्सवादी विचारवंत डॉ. जी. रामकृष्ण यांनी आणि ज्येष्ठ कन्नड साहित्यिक देवनूर महादेव यांनी आपले लेखन पुस्तकात घेण्यास दिलेली संमती मागे घेतली. हेडगेवारांच्या शेजारी भगतसिंगांना शोभेसाठी बसवून घेण्यास लेखकांनी नकार दिला, असाच या कृतीचा अर्थ लावला पाहिजे.

पुढे मे २०२३ मध्ये सरकार बदलले आणि जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने हेडगेवारांचा धडा काढण्याचा निर्णय घेतला. लोकशाहीवादी मंडळींना समाधान वाटले, ते रास्तच होते. परंतु त्या समाधानाखाली एक कटू वस्तुस्थिती झाकली गेली. एका मंत्रिमंडळाच्या बैठकीत आलेला धडा दुसऱ्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत जातो, आणि म्हणूनच तिसऱ्या बैठकीत तो परतही येऊ शकतो. ज्या चळवळीचा मुलांशी संबंध केवळ सरकारी क्रमिक पुस्तकाच्या द्वारे येतो, तिचे मुलांच्या मनातील स्थान दर पाच वर्षांनी मतपेटीत बंद होत असते.

म्हणून येथे विचार करायचा आहे तो निराळ्या पुस्तकाचा : चळवळीने स्वतः लिहिलेल्या, स्वतः छापलेल्या आणि स्वतः दारोदार विकलेल्या मुलांच्या पुस्तकाचा. या बाबतीत बंगळूर शहराजवळ एक अनुभव आहे. मराठी साथींनी तो पुरेसा अभ्यासलेला नाही.

मॉस्कोहून आलेले पुस्तक

बंगळुरात १९६० साली 'नवकर्नाटक प्रकाशन' ही संस्था साम्यवादी चळवळीच्या प्रेरणेने उभी राहिली. त्या काळी निरनिराळ्या भाषांत अशा संस्था काम करीत होत्या. दिल्लीत पीपल्स पब्लिशिंग हाऊस, मुंबईत लोकवाङ्मय गृह, विजयवाड्यात विशालांध्र, केरळात प्रभात बुक हाऊस, मद्रासेत न्यू सेंच्युरी बुक हाऊस, कलकत्त्यात मनीषा ग्रंथालय. या सर्वांच्या कपाटांत मार्क्स-लेनिनच्या ग्रंथांइतकीच गर्दी मुलांच्या सोव्हिएत पुस्तकांची असे. आणि खरे बोलायचे तर प्रदर्शनातून सर्वांत आधी संपत ती हीच पुस्तके.

त्यांचे यश कशात होते, याचा विचार पुस्तकांच्या रंगीत चित्रांपाशीच थांबता कामा नये. चित्रे देखणी होती, कागद जाड होता, किंमत रुपया-दोन रुपये होती. गिरणी कामगाराला महिन्याच्या पगारातून एखादे पुस्तक घेणे जड जाऊ नये अशी. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की त्या पुस्तकांतून मुलाशी बरोबरीच्या नात्याने बोलले जात होते. बियांकी जंगलातील पक्ष्यांविषयी लिहितो तेव्हा तो मुलाला निरीक्षणाच्या कामाला लावतो. नोसोव्हची मुले खोड्या करतात, गणितात नापास होतात, खोटे बोलतात आणि त्यांची फजिती होते. आदर्श बालकाचा पुतळा कोठेही उभा केलेला नाही. पेरेलमान भौतिकशास्त्र शिकवतो ते कोड्यांतून, खेळांतून. गायदारच्या १९४० च्या 'तिमूर'मध्ये मुलांची टोळी सैन्यात गेलेल्या माणसांच्या घरची कामे गुपचूप करते. मोठ्यांना पत्ता लागू न देता केलेले समाजकार्य, ही कल्पनाच अशी की कोणत्याही गल्लीतील मुलाला ती उचलून आपल्या गल्लीत आणाविशी वाटावी. हा गायदार १९४१ च्या ऑक्टोबरात नाझी सैन्याविरुद्ध लढणाऱ्या गनिमी पथकात मारला गेला. पेरेलमान १९४२ साली वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये उपासमारीने गेला. मुलांसाठी लिहिणे हे त्यांच्या लेखी लढाईबाहेरचे काम नव्हते.

ही पुस्तके मराठीतही आली. मॉस्कोत राहून अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी ती मराठीत आणली, आणि त्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीने अलीकडच्या काळात 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' हा माहितीपट काढून त्या ऋणाची नोंद केली. ज्यांनी पुढे राजकारणाचा रस्ता धरला नाही, अशा घरांतही ही पुस्तके जपून ठेवलेली आढळतात. त्या प्रेमाची टिंगल करण्याचे कारण नाही. तरीही गतकाळाच्या आठवणीत रमणे हे पक्षाच्या व्यासपीठाचे काम नव्हे.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि पुस्तकांचा तो ओघ आटला. मराठीत त्या जागी तितक्या किमतीची, तितक्या संख्येने, तितक्या देखणेपणाने स्वतःची पुस्तके उभी राहिली नाहीत. हा दोष सोव्हिएत पुस्तकांचा नव्हे. मराठी मूल बर्च वृक्ष आणि बर्फातली घसरगाडी ओळखू लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच मुलाच्या चाळीतील भोंगा, पाळी, संप, खाणावळ आणि वाण्याची उधारी ही कोणत्या पुस्तकात आली? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपातील घरात वाढणाऱ्या मुलाची कथा मुलांसाठीच सांगणारे पुस्तक आजही शोधत फिरावे लागते. मॉस्कोत छापलेले पुस्तक तयार मिळत होते म्हणून परळात पुस्तक घडवण्याची निकड भासली नाही. उसनवारी सोयीची असते, आणि सोय झाली की उद्यम मागे पडतो, हा नियम केवळ वाण्याच्या दुकानापुरता नाही.

घरी घडलेले पुस्तक

येथेच बंगळूरचा अनुभव निराळा ठरतो. त्याच्या केंद्रस्थानी एक दांपत्य आहे : निरंजन आणि अनुपमा निरंजन.

निरंजन म्हणजे कुलकुंद शिवराव. १९२४ साली दक्षिण कन्नड जिल्ह्यात जन्मलेला हा लेखक साम्यवादी चळवळीत घडला. त्यांची १९५५ ची 'चिरस्मरणे' ही कादंबरी कय्यूरच्या शेतकरी लढ्यावर आहे. कय्यूर तेव्हा दक्षिण कन्नड जिल्ह्याच्या कासरगोड तालुक्यात होते. आता ते केरळात आहे. तेथील चार शेतकरी कार्यकर्त्यांना २९ मार्च १९४३ रोजी कण्णूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पाचव्याची फाशी टळली, कारण तो कायद्याने अल्पवयीन होता. ही एकच बाब लक्षात घेतली तरी मुलांना राजकारणापासून दूर ठेवा, असा उपदेश करणाऱ्यांचे तोंड बंद व्हावे. राजकारण मुलांना दूर ठेवत नाही. जमीनदाराचा कारकून वसुलीला येतो तेव्हा तो घरात मूल आहे की नाही हे पाहून परत फिरत नाही. निरंजनांनी आपल्या कादंबरीत शाळकरी पोरे आणि त्यांचा शिक्षक यांच्यापासूनच या लढ्याची जडणघडण दाखवली आहे. वर्गात वाचायला शिकलेली पोरे पुढे किसान सभेत जातात.

पण येथे अधिक महत्त्व आहे ते निरंजनांच्या दुसऱ्या कामाला. १९७० च्या दशकात त्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली 'ज्ञानगंगोत्री' हा कन्नडमधील किशोरांसाठीचा विश्वकोश सिद्ध झाला. एकूण ७ खंड. त्यापूर्वी १९३६ साली शिवराम कारंतांनी एकट्याच्या बळावर 'बालप्रपंच' हा मुलांचा ज्ञानकोश काढला होता, तेव्हा कन्नडमध्ये या कामाची परंपरा होती. निरंजनांनी ती परंपरा सामूहिक श्रमावर उभी केली. अनेक विषयांचे जाणकार, अनुवादक, चित्रकार एकत्र आणून एका लेखकाने आपली उमेदीची वर्षे बारा-पंधरा वर्षांच्या वाचकासाठी खर्च करावी, ही गोष्ट साधी नाही. तितक्या काळात त्यांच्या तीन-चार कादंबऱ्या लिहून झाल्या असत्या आणि समीक्षकांनी त्यांची वाखाणणीही केली असती. नंतर नवकर्नाटकसाठी त्यांनी 'विश्वकथाकोश' हे देशोदेशींच्या कथांचे २५ खंड संपादित केले. कन्नड वाचणाऱ्या मुलाला आणि तरुणाला जगाचे दार उघडून देताना ते केवळ मॉस्कोच्या दिशेने उघडले नाही, सर्व खंडांकडे उघडले, ही त्यांची दृष्टी.

अनुपमा या व्यवसायाने डॉक्टर. १९३४ साली तीर्थहळ्ळी येथे जन्मलेल्या या लेखिकेने कादंबऱ्या लिहिल्या, स्त्रियांच्या आरोग्यावर 'तायी-मगु' म्हणजे 'आई आणि मूल' यासारखी पुस्तके लिहिली, आणि मुलांसाठी 'दिनक्कोंदु कथे' ही माला लिहिली. नावाचा अर्थ 'रोज एक गोष्ट'. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक गोष्ट, प्रत्येक महिन्याचा एक खंड, असे १२ खंड. या रचनेतच एक विचार आहे. मध्यमवर्गीय घरात गोष्ट सांगायला आजी असते, वेळ असतो. कारखान्याच्या पाळीवरून परतलेल्या बापाला आणि घरकाम-नोकरी करून थकलेल्या आईला गोष्ट रचायला त्राण उरत नाही. त्यांच्या हाती आजच्या तारखेचे पान उघडून दहा मिनिटांत वाचता येईल अशी गोष्ट दिली, तर त्या घरात वाचनाची शिस्त येते. रोग्याला औषधाची मात्रा रोजची ठरवून देणाऱ्या डॉक्टरलाच ही युक्ती सुचावी, यात नवल नाही.

अशा पुस्तकांना गिऱ्हाईक कोठून मिळणार होते, याचे उत्तर शहराच्या घडणीत सापडते. १९४० साली विमानाचा कारखाना, १९४८ साली टेलिफोनचा, १९५३ साली यंत्रांचा, १९५४ साली इलेक्ट्रॉनिक्सचा, अशा सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगांभोवती बंगळुरात एक सुशिक्षित, संघटित कामगारवर्ग वाढला. १९८०-८१ साली याच कामगारांनी ७७ दिवसांचा संप केला. सव्वा लाखाच्या आसपास कामगार त्यात उतरले होते. ज्याच्या घरी नियमित पगार आणि पक्की वसाहत आहे, जो स्वतः वाचतो आणि आपल्या मुलाने इंजिनियर व्हावे असे ज्याला वाटते, असा कामगार हा विज्ञानाच्या आणि जगाच्या पुस्तकांचा स्वाभाविक खरेदीदार असतो. कर्नाटक राज्य विज्ञान परिषदेच्या 'बाल विज्ञान' मासिकालाही याच मातीने वाढवले. जे. आर. लक्ष्मणराव यांच्यासारखे विज्ञान लेखक त्या कामात होते.

अनुपमा १९९१ मध्ये गेल्या, निरंजन १९९२ मध्ये. सोव्हिएत पुस्तकांचा ओघ थांबण्याचीही हीच वर्षे. दोन्हीकडून आधार सुटला असता नवकर्नाटकची दुकाने बंद पडायला हवी होती. ती पडली नाहीत. कपाटातून सोव्हिएत पुस्तके हटली तेव्हा त्या जागी ठेवायला कन्नड लेखकांची पुस्तके तोवर तयार झालेली होती.

महाराष्ट्रात असे काहीच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मधून कर्जाने पिळलेल्या घराचा अपमान मराठी मुलांच्या पिढ्यांनी अनुभवला. तेथे सावकाराच्या माणसापुढे आईचे दैन्य दिसते. सावकारी का चालते, याचे उत्तर मात्र मुलाला मिळत नाही, त्याला अश्रू मिळतात. तरी ज्या लेखकाने खानदेशात शेतकरी-कामगारांच्या चळवळीत उडी घेतली आणि १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, त्याला केवळ संस्कारी आईच्या गोष्टी सांगणारा म्हणून फोटोत बसवणे हे त्याच्या राजकारणावर टाकलेले पांघरूण आहे. दुसरे उदाहरण कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या 'शिवाजी कोण होता?' या पुस्तिकेचे. मूळ व्याख्यान १९८७ चे, पुस्तिका १९८८ ची. ती मुलांसाठी लिहिलेली नव्हती. परंतु तिची भाषा अशी की आठवी-नववीतील मुलाला ती अडखळल्याशिवाय वाचता यावी. रयतेच्या राजाची कहाणी मुलांना कोणत्या शब्दांत सांगावी, याचा तो वस्तुपाठ ठरला. कॉम्रेड पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या. चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी याच बंगळुरात गौरी लंकेश यांची त्यांच्या घरासमोर हत्या झाली. सोप्या भाषेत लिहिणाऱ्याला प्रतिगामी शक्ती किती भितात, हे यावरून ध्यानात यावे.

परीकथेचे भय

मुलांसाठी डाव्या विचारांचे लेखन म्हटले की दोन चुका हटकून होतात. एक म्हणजे घोषणा. पहिल्या पानावर दुष्ट शेठजी, शेवटच्या पानावर लाल झेंडा, आणि मध्ये कोठेही खरे मूल नाही. असे पुस्तक मुले वाचत नाहीत. कार्यकर्तेच एकमेकांना भेट देतात. दुसरी चूक अधिक गंभीर, कारण ती विज्ञाननिष्ठेच्या नावाने होते : राजे, राक्षस, बोलणारे प्राणी म्हणजे सरंजामी अंधश्रद्धा, तेव्हा ती मुलांपासून दूर ठेवा.

या प्रश्नावर समाजवादी देशातच मोठा वाद झालेला आहे. १९२८ च्या फेब्रुवारीत 'प्रावदा'मध्ये क्रुप्स्काया यांनी चुकोव्स्कीच्या 'मगर' या कवितेवर कठोर टीका केली. अशा निरर्थक कल्पनारंजनातून मुलाला प्राण्यांविषयी काही खरे कळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मार्च महिन्यात 'प्रावदा'मध्येच गॉर्कीने चुकोव्स्कीची बाजू घेतली. क्रुप्स्काया यांचे शिक्षणक्षेत्रातील थोर कार्य मान्य करूनही सांगितले पाहिजे की या प्रश्नावर गॉर्की बरोबर होता. बोलणारी मगर आपल्याला चावणार नाही, हे पाच वर्षांच्या मुलाला पक्के ठाऊक असते. कल्पिताचा खेळ हा खोटेपणा नव्हे. आहे ते जग बदलूनही असू शकते, ही जाणीव मुलाला सर्वप्रथम त्या खेळातच होते. १९३३ साली स्वतंत्र बालसाहित्य प्रकाशनगृह स्थापन झाले, त्यामागेही गॉर्कीचाच आग्रह होता.

इटलीचे कम्युनिस्ट लेखक जानी रोदारी यांनी हा वाद लेखनानेच मिटवला. १९५० साली निघालेल्या मुलांच्या 'पायोनिएरे' साप्ताहिकाचे ते संपादक. १९५१ च्या त्यांच्या 'चिपोलिनो'चा नायक एक कांद्याचा पोर आहे. राज्य करतो लिंबू राजपुत्र, त्याचा उद्दाम अधिकारी टोमॅटो. आणि भाजीबाजारातील सगळी गरीब प्रजा त्यांच्या विरुद्ध उभी राहते. पुस्तकभर हसता हसता मुलाला राज्यसत्ता म्हणजे काय हे कळते. कांदा सोलणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी येते, ही गोष्ट नाशिक-लासलगावच्या पोरांना कोणी वेगळी समजावून सांगायला नको. १९७० साली रोदारींना बालसाहित्यातील अँडरसन पुरस्कार मिळाला.

लेखक म्हणून मूल

आतापर्यंतची सारी चर्चा मोठ्यांनी मुलांसाठी लिहिण्याची झाली. परंतु मराठीतील मुलांच्या जहाल लेखनाचा पहिला ठळक पुरावा मोठ्यांचा नाहीच. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय' पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने थेट विचारला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या जातीतील स्त्रियांचे हाल तिने मांडले. कोणत्याही प्रौढ सुधारकाने तोवर इतके उघडे लिहिले नव्हते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आपल्या शाखांतून फुले-आंबेडकरांच्या जयंत्या होतात. त्या दिवशी हा निबंध मुलांकडूनच वाचून घेतला तर कार्यक्रमाला जिवंतपणा येईल.

बंगळुरात या परंपरेचे एक दूरचे नाते दिसते. येथे काम करणाऱ्या मुलांच्या प्रश्नावर कामगार संघटनांच्या संपर्कातून काही कार्यकर्ते पुढे आले आणि १९९० साली काम करणाऱ्या मुलांचाच 'भीम संघ' स्थापन झाला. त्याच प्रयत्नातून 'भीम पत्रिके' हे मुलांचे भित्तिपत्र निघाले. उपाहारगृहात कपबशा विसळणारी, घरकाम करणारी मुले त्याची वाचक आणि त्याची वार्ताहरही. बालमजुरांची संघटना करणे म्हणजे बालमजुरीला मान्यता देणे नव्हे काय, असा आक्षेप डाव्या चळवळीतून घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. बालमजुरी समूळ नष्ट झाली पाहिजे, प्रत्येक मूल शाळेत गेले पाहिजे, ही मागणी सैल करण्याचे कारण नाही. पण त्या मागणीवर बोट ठेवून भित्तिपत्राकडे पाठ फिरवणे हेही शहाणपणाचे नाही. शाळेच्या निबंधात 'माझा आवडता सण' लिहिणारे मूल आणि आपल्या मालकाने किती तास राबवले हे भिंतीवर लिहिणारे मूल, यांपैकी भाषेची ताकद कोणाला आधी कळते, याचा विचार करावा.

आज मैदानात कोण आहे

आता वर्तमानाकडे. स्वस्त, रंगीत, अनेक भारतीय भाषांत एकाच वेळी निघणारे मुलांचे पुस्तक ही कल्पना एकेकाळी डाव्या प्रकाशनगृहांनी या देशात व्यवहारात आणली. आज ती कल्पना चालवणारी मोठी संस्था बंगळुरातच आहे, आणि ती आपली नाही. २००४ साली स्थापन झालेल्या 'प्रथम बुक्स'च्या संस्थापकांत रोहिणी निलेकणी आहेत. कमी किमतीची चित्रपुस्तके, आणि २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर कोणालाही विनामूल्य वाचता, अनुवादता, छापता येतील अशा गोष्टी. मराठीही त्यात आहे. ही पुस्तके वाईट आहेत असे म्हणणे मत्सराचे ठरेल. त्यांत अनेक चांगली आहेत, आणि आपल्या घरांतील मुले ती खुशाल वाचोत.

परंतु माहिती-तंत्रज्ञानाच्या भांडवलातून आलेले दातृत्व पुस्तक देते तेव्हा काही प्रश्न त्या पुस्तकाच्या काठावरच थांबण्याचा संभव असतो. मूल गरीब असू शकते, कष्टाळू असू शकते, ते जिद्दीने शिकू शकते. त्याच्या बापाचा पगार कोणी कापला, हे विचारणारे पान तेथे सहसा येत नाही. ते पान लिहिण्याची जबाबदारी दात्याची नाही, ती चळवळीची आहे. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९७० पासून 'युरेका' हे मुलांचे मासिक चालवून दाखवले. महाराष्ट्रात 'साधना'ने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या संपादकत्वाच्या काळात बालकुमार दिवाळी अंक अल्प किमतीत शाळाशाळांत पोचवला. ही मंडळी आपल्याहून संख्येने वा साधनांनी फार मोठी होती असे नाही.

साथींनो, बंगळुरात मराठी घरे आजची नाहीत. शहाजीराजांना येथील जहागीर मिळाली तो काळ सतराव्या शतकाचा. या घरांतील मुले घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. सीमावादाच्या राजकारणाने हे दुभाषीपण ओझे ठरवले. पण चळवळीच्या दृष्टीने ते भांडवल आहे. कन्नडमधून थेट मराठीत आणू शकणारी माणसे मुंबईच्या कार्यालयात बसून मिळणार नाहीत, ती या सभागृहात आहेत. पाठ्यपुस्तक कोणाच्या सरकारात कसे बदलते याची वाट पाहण्यापेक्षा ती कामाला लागू शकतात.

त्यासाठी मोठी योजना लागत नाही. अनुपमा निरंजन यांच्या बारा खंडांपैकी एका महिन्याचा खंड निवडावा, हक्कधारकांची रीतसर परवानगी घ्यावी, तीस गोष्टी दहा जणांनी वाटून घ्याव्यात. कच्चा अनुवाद आपापल्या घरी मुलांपुढे मोठ्याने वाचावा. ज्या गोष्टीच्या मध्येच मूल उठून जाईल ती पुन्हा लिहावी. चित्रांसाठी पैसे राखून ठेवावेत, कारण चित्राशिवाय पुस्तक विकले जात नाही. आणि किंमत एका वडापावाच्या वर दोनचार रुपयेच ठेवावी. विक्रीचे टेबल मे दिनाच्या सभेच्या दाराशी, आत जाताना उजव्या हाताला लावावे, मुलांच्या उंचीचे.